लॉनमोअर सुरू होते आणि लगेच बंद पडते: घरीच सर्व्हिसिंग करता येईल का?

प्रश्न:
माझे फोर-स्ट्रोक पेट्रोल लॉनमोअर टाकीतील पेट्रोल न काढता पाच महिने ठेवून दिले होते. आता बऱ्याचदा दोरी ओढल्यावर ते सुरू होते, पण काही सेकंदांतच बंद पडते. शिवाय पात्याखालचे गवत काढण्यासाठी ते एका कुशीवर आडवे केल्यापासून पांढरा धूरही येत आहे. इंजिन उघडावे लागेल का?

उत्तर १:
इंजिनाला हात लावण्यापूर्वी पेट्रोलचा विचार करावा. पेट्रोल पडून राहिले की त्यातील हलके घटक उडून जातात आणि उरलेल्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या छिद्रात, बसतो. ते छिद्र इतके बारीक असते की तेवढ्यानेही इंजिनाला पेट्रोल पुरत नाही. चोक (हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी झडप) दिल्यावर इंजिन थोडे अधिक वेळ चालत असेल, तर दोष तिथेच आहे असे समजावे. टाकी रिकामी करून कार्बोरेटरच्या तळाची वाटी उघडावी आणि जेट क्लीनर स्प्रेने साफ करावा. तारेने कोरू नये, कारण छिद्र मोठे झाले तर मिश्रण कायमचे बिघडते.

उत्तर २:
वरील उत्तर बरोबर आहे, पण मी आधी एअर फिल्टर पाहीन, कारण त्याला दोन मिनिटे पुरतात. यंत्र आडवे करताना फिल्टरची बाजू खाली गेली, तर ऑइल सिलिंडरमध्ये आणि फिल्टरमध्ये उतरते. सिलिंडरमधले जळून गेले की धूर आपोआप थांबतो, मात्र ऑइलने भिजलेला कागदी फिल्टर बदलावाच लागतो. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. यापुढे फिल्टर नेहमी वरच्या बाजूला ठेवावा, आणि पात्याला हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी, कारण हाताने पाते फिरवले तरी क्रँकशाफ्ट (पात्याला जोडलेला इंजिनाचा मुख्य दांडा) फिरतो आणि इंजिन पेटू शकते. ही खबरदारी अनुभवी माणसेही विसरतात.

प्रश्नकर्ता:
फिल्टर खरोखरच भिजलेला होता. तो बदलल्यावर धूर गेला, पण यंत्र बंद पडणे थांबले नाही. वाटी उघडली तेव्हा तळाशी पिवळसर चिकटा होता. जेट साफ करून ताजे पेट्रोल भरल्यावर ते सलग वीस मिनिटे चालले. आता ऑइल आणि पातेही पाहावे का?

उत्तर ३:
अवश्य पाहावे. ऑइल इंजिन कोमट असताना काढावे, म्हणजे गाळही त्याच्याबरोबर निघतो. अशा बहुतेक इंजिनांना एसएई ३० (ऑइलच्या घट्टपणाची श्रेणी) चालते आणि ते साधारण अर्धा लिटर लागते, तरी मोजपट्टीवरील वरच्या खुणेपलीकडे भरू नये. जास्त झाले तरी धूर येतो. पात्याला कानशीने दोन्ही टोकांना सारखी धार लावून तोल पाहण्यासाठी ते मधल्या छिद्रातून खिळ्यावर अडकवावे. एक टोक खाली गेले, तर त्या बाजूचे थोडे अधिक घासावे. वाकलेले किंवा तडा गेलेले पाते मात्र सरळ करत बसू नये, नवेच घालावे.