मदत हवी आहे: व्यसनमुक्तीनंतर पुन्हा पिणे झाले, आता मराठीतून ऑनलाइन सोबत कुठे आणि कशी शोधावी? (नाशिक)

अंबडचा एक (धागाकर्ता)

नमस्कार.

मी नाशिकला राहतो आणि अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या खरेदी विभागात नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रात राहून उपचार घेतले होते आणि त्यानंतर बराच काळ दारूला शिवलो नव्हतो. गेल्या हिवाळ्यात पुन्हा प्यायलो. आमच्या मंडळींत जिला 'स्लिप' म्हणतात ती एका संध्याकाळपुरती राहिली असती, तर कदाचित हा धागा काढला नसता. परंतु ती लांबली आणि अखेर मनोविकारतज्ज्ञांकडे जाऊन, त्यांच्या देखरेखीखाली गोळ्या घेऊन दारू पुन्हा बंद करावी लागली. सध्या बंद आहे. त्यामुळे 'आधी डॉक्टरांना दाखवा' हा सल्ला पोहोचला, असे कृपया समजावे. मला हवी आहे ती त्यापुढची गोष्ट, म्हणजे याच वाटेने गेलेल्या माणसांची सोबत, मराठीतून आणि शक्यतो ऑनलाइन.

ऑनलाइनच का, हे थोडे सविस्तर सांगतो. पूर्वी मी शहरातील एका ए.ए. (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांची परस्परमदत संघटना) समूहात नियमित जात असे. तिथे माझ्या सोब्रायटीचा (दारूमुक्त राहण्याचा) वाढदिवस साजरा झालेला आहे आणि नव्याने आलेल्यांना 'यांच्याशी बोला' म्हणून माझ्याकडे पाठवले गेलेले आहे. आज त्याच खोलीत जाऊन बसलो तर मला कोणी शब्दानेही दुखावणार नाही याची खात्री आहे, तरीही पाय उचलत नाही. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. सभा संध्याकाळी सात-साडेसातला सुरू होऊन साडेआठपर्यंत संपते आणि माझी कठीण वेळ त्यानंतर सुरू होते. बाहेरगावच्या कंपन्यांचे लोक आले की त्यांना रात्री हॉटेलवर सोडून एकट्याने गाडी चालवत घरी परतायचे, तेव्हाचा तो तास-दीड तास मला सांभाळता येत नाही.

नाशिककरांना वेगळे सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनरीत पाहुण्यांना नेणे हा आमच्याकडे आता पाहुणचाराचाच भाग झाला आहे. तिथल्या काउंटरवर ओळीने ग्लास मांडतात, प्रत्येकात जेमतेम दोन घोट ओततात, ग्लास कसा फिरवायचा आणि वास कसा घ्यायचा ते समजावतात. चाखून थुंकण्यासाठी एक भांडेही ठेवलेले असते, आणि ते शेवटपर्यंत कोरडे राहते. मी बाजूला उभा राहिलो की कोणीतरी म्हणतेच, 'अहो, ही काय दारू आहे का? द्राक्षाचा रस आहे, आपल्याच शेतकऱ्याचा माल.' २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याच्या सरकारी निर्णयावरून वाद झाला, तेव्हापासून तर हे वाक्य आमच्या शहरात म्हणीसारखे वापरले जाते. द्राक्ष बागायतदारांचे प्रश्न खरे आहेत आणि मला त्या वादात शिरायचे नाही. माझी सुरुवात त्या दोन घोटांपासून झाली, एवढेच नोंदवतो.

शोधाशोध बरीच केली आहे. स्मार्ट रिकव्हरी (व्यसनमुक्तीसाठीचीच दुसरी एक परस्परमदत संघटना) आणि ए.ए. यांच्या परदेशातून चालणाऱ्या इंग्रजी सभांना बसून पाहिले. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजतात तेव्हा इंग्लंडमध्ये संध्याकाळ असते, त्यामुळे वेळ उत्तम जुळते आणि माणसेही मनमोकळी आहेत. तथापि मेहुण्याच्या हळदीच्या रात्री सासरच्या वडीलधाऱ्यांनी पुढे केलेला ग्लास परत करणे अवघड का असते, हे समजावण्यातच माझ्या वाट्याची मिनिटे संपून जातात. नंतर एका मराठी व्हॉट्सअ‍ॅप समूहात सामील झालो. पहिल्याच दिवशी सदस्यांच्या यादीत आमच्या एका पुरवठादाराचा क्रमांक दिसला. त्यालाही माझा दिसला असणारच. शिवाय त्या समूहात सकाळी सुविचार, दुपारी दारू सोडवणाऱ्या चूर्णाची जाहिरात आणि रात्री, जेव्हा गरज असते तेव्हा, पूर्ण शांतता.

तेव्हा जाणकारांना माझे विचारणे असे आहे की, एखादा ऑनलाइन समूह विश्वासार्ह आहे हे कशावरून ओळखावे? कॅमेरा बंद ठेवून नुसते ऐकत राहिल्याने काही साधते का, की ते लपून राहणेच ठरते? आणि प्रत्यक्ष न भेटलेली व्यक्ती स्पॉन्सर (वाट दाखवणारा जुना सदस्य) म्हणून चालते का? इच्छाशक्तीवरील उपदेश मात्र कृपया नको, तो घरून भरपूर मिळतो.

गोदाकाठ

नमस्कार. मी ए.ए.चा जुना सदस्य आहे. समूहाच्या वतीने बोलण्याचा अधिकार आमच्यात कोणालाच नसतो, त्यामुळे हे माझे व्यक्तिगत मत समजावे.

सदस्यत्वासाठी पिणे थांबवण्याची इच्छा एवढी एकच अट आहे आणि स्लिप झाल्याने ती अट मोडत नाही. हे समजुतीखातर म्हणत नाही. १९३५ च्या मे महिन्यात बिल डब्ल्यू. हे दारू सोडलेले न्यूयॉर्कचे गृहस्थ, पुढे ए.ए.चे सहसंस्थापक, अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी व्यवसायाच्या कामात अपयश आल्याने हॉटेलात एकटेच थांबले होते. समोर बार होता. तिकडे न वळता त्यांनी फोन उचलला आणि ओळखदेख नसलेल्या लोकांकडे, बोलण्यासाठी एखादा मद्यासक्त माणूस भेटेल का, अशी चौकशी केली. त्यातून त्यांची डॉ. बॉब या मद्यासक्त डॉक्टरांशी, म्हणजे ए.ए.च्या दुसऱ्या सहसंस्थापकांशी, गाठ पडली. त्या भेटीनंतर काही आठवड्यांतच डॉ. बॉब एका वैद्यकीय अधिवेशनाला गेले आणि तिथे पुन्हा प्यायले. परतल्यावर त्यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ रोजी असे सांगतात, आणि तोच दिवस ए.ए.चा स्थापना दिवस मानला जातो. आपल्याला ज्या खोलीत शिरायला संकोच वाटतो, ती परंपरा सहसंस्थापकाच्या स्लिपनंतर आणि अनोळखी माणसाला केलेल्या फोनवरून सुरू झाली आहे. ऑनलाइन सोबत दुय्यम दर्जाची असते असे मला तरी वाटत नाही.

विश्वासार्हतेबद्दल म्हणाल, तर पैशांकडे पाहावे. ए.ए.च्या सभेला शुल्क नसते, ऐच्छिक वर्गणी सदस्यांकडूनच घेतली जाते आणि बाहेरची देणगी स्वीकारली जात नाही. जिथे 'मदत समूह' म्हणून बोलावून दुसऱ्याच दिवशी केंद्रात भरती होण्याचा दर सांगितला जातो, तिथून बाहेर पडावे. सभा खुली आहे की बंद, हेही विचारावे. बंद सभेला फक्त ज्यांना स्वतःच्या पिण्याची अडचण आहे तेच बसतात, नातेवाईक किंवा अभ्यासक नसतात. लॉकडाऊनच्या काळात अनेक समूह झूमवर आले आणि त्यांतील काही अजून चालू आहेत. त्यांचे दुवे जाहीर फलकावर सहसा टाकत नाहीत. ए.ए.च्या भारतातील संकेतस्थळावर किंवा त्यांच्या मदत क्रमांकावर 'मराठी, ऑनलाइन, रात्रीची' असे नेमके विचारावे. झूमवर शिरताना पडद्यावरचे नाव आधी बदलून घ्यावे, कारण बहुतेकांच्या फोनवर कार्यालयाने दिलेले पूर्ण नाव तसेच राहिलेले असते.

कॅमेरा सुरुवातीला बंद असला तरी चालेल. मात्र सभा संपल्यावर एकाला तरी स्वतःहून फोन करावा, आणि तोही काही घडायच्या आधी, साध्या गप्पांसाठी. चांगल्या वेळी ज्याला फोन केला नाही त्याला वाईट वेळी करायला हात धजावत नाही. स्पॉन्सरचे म्हणाल, तर माझे स्वतःचे स्पॉन्सर आज दुसऱ्या जिल्ह्यात असतात आणि आमचे सगळे फोनवरच चालते.

देवळालीची ताई

माझे यजमान आता पीत नाहीत. मी घरच्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्याला कोणी सांगणार नाही.

रात्री अकरा वाजता नवरा दार लावून दबक्या आवाजात बोलू लागला की बायकोच्या मनात काय येते, याचा विचार करावा, भाऊ. आमच्याकडे पहिले काही दिवस याच कारणावरून भांडणे झाली. शेवटी त्यांनी सभेची वेळ स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली, आत काय बोलले जाते ते विचारायचे नाही असे ठरले, आणि मला हायसे वाटले. तोंडाचा वास घेण्याचे काम मात्र पत्नीवर टाकू नका. त्या पहारेकऱ्याच्या कामाने माझी झोप उडाली होती.

कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना १९५१ पासून आहे. बिल डब्ल्यू. यांच्या पत्नी लोइस यांनी ती एका मैत्रिणीसोबत सुरू केली. तिच्याही सभा ऑनलाइन होतात. मी दुपारी, घर रिकामे असताना बसते. आपल्या पत्नीला हे जरूर सांगावे, पण 'तू पण जा' असा आग्रह धरू नये. मला तर एका नातेवाइकांनी भाजीत मिसळायच्या गोळ्या सुचवल्या होत्या. त्या किती धोक्याच्या असतात, हे इथे कोणी डॉक्टर असतील तर त्यांनी लिहावे.

मनोविकारतज्ज्ञ (नाशिक रोड)

ताईंनी उल्लेख केलेली गोळी बहुधा डायसल्फिराम या दारू सोडवण्यासाठीच्या औषधाची असावी. ती चालू असताना मद्य घेतल्यास चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब एकाएकी खाली येणे असे होते आणि क्वचित प्रसंगी जिवावरही बेतते. गोळी थांबवल्यावरही सुमारे दोन आठवडे हा परिणाम राहू शकतो. म्हणून ती रुग्णाला पूर्ण माहिती देऊन आणि त्याच्या संमतीनेच द्यावयाची असते, चोरून कदापि नाही. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडणेही तितकेच धोक्याचे आहे. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्याच्या आसपास भ्रम सुरू होऊ शकतो. धागाकर्त्यांनी हे योग्य रीतीने केले आहे, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो.

'द्राक्षाच्या रसा'चा हिशेबही मांडतो. १२ टक्के मद्यार्काच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा एक ग्लास घेतला तर त्यात सुमारे १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. यकृताला आणि मेंदूला पेयाचे नाव कळत नाही. दोन घोट चाखल्याने प्रमाण कमी असते हे खरे, परंतु आपल्या बाबतीत प्रमाणापेक्षा 'आता मोडलेच आहे तर मोडले' ही त्यानंतरची विचारसरणी अधिक घातक ठरली असे दिसते. अ‍ॅलन मार्लट या मानसशास्त्रज्ञांनी स्लिपचा पूर्ण रिलॅप्स (पुन्हा व्यसनात पडणे) कसा होतो याचा अभ्यास करताना नेमक्या याच विचाराकडे लक्ष वेधले होते. तलफेबद्दलही त्यांचे सांगणे उपयोगी आहे: ती चढते, शिगेला पोहोचते आणि तिला खतपाणी घातले नाही तर सहसा अर्ध्या तासाच्या आत ओसरू लागते. झूमची फुकट सभा चाळीस मिनिटांनी आपोआप तुटते याचा सर्वांना वैताग असतो, पण तलफ ओसरायला तेवढा वेळ बहुधा पुरतो.

समूहाचा उपयोग होतो का, असे रुग्ण विचारतात. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. पूर्णपणे मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि त्याकडे वळवणारे संरचित उपचार हे इतर मान्य मानसोपचारांइतके किंवा त्यांहून अधिक परिणामकारक असल्याचे त्यात आढळले. समूह आणि औषध यांत निवड करण्याची गरज नाही, दोन्ही सोबत चालतात. रात्री कोणीच उपलब्ध नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा निःशुल्क क्रमांक आहे. तिथे समुपदेशक भेटतील, आपल्यासारखा अनुभव घेतलेला माणूस भेटेलच असे नाही, ही मर्यादा लक्षात ठेवावी.

अंबडचा एक (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉ. बॉब यांची हकीकत मी सभांमध्ये अनेकदा ऐकली होती, पण १० जूनच्या आधी काय झाले होते याकडे कधी लक्ष दिले नव्हते.

मदत क्रमांकावर विचारून एका मराठी ऑनलाइन सभेचा दुवा मिळाला आणि दोनदा बसलोही. कॅमेरा अजून बंदच आहे, नाव मात्र बदलले. दुसऱ्या सभेनंतर एका गृहस्थांना फोन केला. ते कांद्याच्या भावाबद्दलच जास्त बोलले आणि मला ते फार बरे वाटले. सभेची वेळ घरात सांगितली आहे. ती सभा नऊ वाजता संपते, म्हणून साडेदहाच्या सुमाराला दोघे-तिघे जरी नियमित भेटू शकत असतील तर मी गुगल मीटचा दुवा तयार करून ठेवायला तयार आहे. इच्छुकांनी इथे क्रमांक न टाकता व्यक्तिगत निरोप पाठवावा.

एक प्रश्न राहिला. पुढच्या महिन्यात चेन्नईहून पाहुणे येणार आहेत आणि त्यांना वायनरीत नेण्याचे काम नेहमीप्रमाणे माझ्याकडेच येईल. साहेबांना नकाराचे कारण काय सांगावे?

गोदाकाठ

साडेदहाला मी आहे. सोमवार ते शुक्रवार धरा, शनिवारी मी नातीकडे असतो.

मनोविकारतज्ज्ञ (नाशिक रोड)

साहेबांना निदान सांगण्याची गरज नाही. 'एक औषध चालू आहे, त्यासोबत मद्य वर्ज्य आहे आणि रात्री उशिरापर्यंत थांबता येणार नाही' एवढे सांगितले तरी पुरते, आणि ते खरेही आहे. पुरावा मागितलाच तर माझ्याकडे येणाऱ्यांना मी आजाराचे नाव न घालता तसे पत्र देतो; आपले डॉक्टरही देतील. पाहुण्यांना दिवसा कारखाना दाखवण्याचे काम आपण मागून घ्यावे आणि संध्याकाळ सहकाऱ्याकडे सोपवावी. हे पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी सांगण्याऐवजी याच आठवड्यात सांगून ठेवावे.