मदत हवी आहे: मुलासाठी स्वस्तातली वन-पीस अलॉय बेसबॉल बॅट कशी पारखायची?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा दहा वर्षांचा, लिटल लीग (मुलांची बेसबॉल लीग) खेळतो. त्याच्यासाठी २९ इंची, १९ औंसाची, म्हणजे ड्रॉप १० ची (इंचांतून औंस वजा केले की १०) अलॉय, म्हणजे मिश्रधातूची, बॅट बघतोय. यूएसए बेसबॉल या इथल्या राष्ट्रीय संस्थेचा शिक्का तिच्यावर आहे. २०१८ पासून त्याशिवाय लिटल लीगमध्ये या वयोगटात अलॉय बॅट चालतच नाही, त्यामुळे तो आधी बघितला.

कॉम्पोझिट (कार्बन फायबरची) घ्यायची नाही हे नक्की. महाग तर आहेच, वर एप्रिलच्या गारठ्यात तडकायची भीती. अलॉयला बहुतेक वेळा नुसता पोचा येतो.

अडचण हातांची आहे. वन-पीस म्हणजे दांडा आणि बॅरल (पुढचा जाड भाग) एकसंध, त्यामुळे चेंडू मुठीजवळ लागला की सगळा हादरा थेट पंजात. मित्राची तसलीच बॅट वापरताना तो दर वेळी डावा हात सोडून झटकत होता, आणि मग अंगाजवळच्या चेंडूला बॅटच फिरवेना. पोराची भीड अशी चेपली जायची कशी? जाड ग्रिप किंवा अंगठ्यात घालायची रबरी रिंग यांनी खरंच फरक पडतो का?

दुसरं, वजन तेच असूनही एक बॅट टोकाकडे जड लागते, दुसरी नाही. क्रिकेटची बॅट आपण उचलून जोखतो. इथे दुकानात नेमकं काय करून बघायचं? वापरलेली घेतली तर पोचे कुठे तपासायचे? ज्यांची मुलं खेळतात त्यांनी कृपया सांगा, पुढच्या आठवड्यात सराव सुरू होतोय.