मदत हवी आहे: झेडपीतल्या कर्मचाऱ्याने गैरव्यवहाराची तक्रार केली तर संरक्षण काय?

माझी बहीण एका जिल्हा परिषदेत लेखा विभागात आहे. न झालेल्या कामांची बिलं निघताना तिने पाहिली, कागदही आहेत. तक्रार करायचीच आहे, पण लांबची बदली किंवा खोटी विभागीय चौकशी मागे लागेल ही धास्ती आहे.

महामार्ग प्रकल्पातल्या गैरव्यवहाराची तक्रार करणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांच्या 2003 मधल्या हत्येनंतर केंद्राने 2004 मध्ये ठराव केला. त्याखाली केंद्रीय दक्षता आयोग तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवतो. पण राज्याचे कर्मचारी त्याच्या कक्षेत येत नाहीत. अशा तक्रारदारांना संरक्षण देणारा 2014 चा व्हिसल ब्लोअर्स कायदा तर संसदेत मंजूर होऊनही लागू केलेला नाही, याचा फार संताप येतो.

मग तिने लोकायुक्तांकडे जावं की लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे? तिथे नाव खरंच गुप्त राहतं का? सूड म्हणून बदली झालीच तर दाद कुठे मागायची? सेवाविषयक प्रकरणं पाहणाऱ्या कुणी कृपया सांगा.