चिखल आपणच कालवतो

छोट्या मेटल (एकदम जोरकस रॉक) बँडचा आवाज स्टेजवर नेहमी चिखल होतो आणि दोष साउंडवाल्याचा, असं म्हणतात. अर्धंच पटतं. मी पुण्यात सहा वर्षं बास वाजवला. आमचा चिखल आम्हीच कालवत होतो. दोन्ही गिटारवाले घरी एकट्याने बसवलेला टोन घेऊन यायचे: गेन (आवाज फाटवणारं बटण) फुल, मिड (मधले सूर) शून्य. खोलीत कडक वाटतं. स्टेजवर ड्रम सुरू झाले की गिटार गायब, आणि खालची सगळी गुरगुर माझ्या बासच्या अंगावर. गेन उतरवून मिड वाढवले, त्या दिवशी मित्र रिफबद्दल, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्याबद्दल, म्हणाले, "आज रिफ कळली." (म्हणजे आधीची दोन वर्षं नुसत्याच माना हलवत होते!)

साउंडवाला बहुतेक वेळा ऑर्केस्ट्रा करणारा असतो. त्याच्याशी वाद घालू नका, चहा पाजा आणि किकबद्दल, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमबद्दल, एवढंच सांगा, "दादा, किकला घुमारा नको, टकटक हवी." नाहीतर डबल पेडल (दोन्ही पायांनी भराभर वाजवलेली किक) म्हणजे लांबून जाणारी मालगाडी.

ड्रमरने स्नेअर (छोटा कडक ड्रम), सिंबल (झांजा) आणि पेडल स्वतःचे न्यावेत. ड्रॉप सी (तारा नेहमीपेक्षा खालच्या सुरात उतरवून) वाजवत असाल तर तारा जाड हव्यात, पातळ तारा लोंबतात आणि सूर हलतो.

आणि उघड्यावर रात्री १० म्हणजे १०. आधीचे बँड रेंगाळले की कात्री शेवटच्या बँडवर चालते. आम्ही सात गाणी बसवून एकदा तीनच वाजवली. तेव्हापासून आमचं सगळ्यात तगडं गाणं दुसऱ्या नंबरवर असायचं.