'फिट बालक' आणि 'बॉल खेळण्यास सक्त मनाई'

चिंचगुळ : कालच्या गप्पांत एकांनी ठोकून दिलं, मुलांचा लठ्ठपणा म्हणजे निव्वळ आईबापांचा आळस, सोसायट्यांनी त्यात पडू नये. राहवलं नाही. घरी भाजी-भाकरी करू हो, पण पोरगं खाली उतरलं की गेटाबाहेर वेफर्सच्या माळा आणि आत पाटी, 'बॉल खेळण्यास सक्त मनाई'. एकट्या घराने काय करायचं? अ‍ॅमस्टरडॅमने 2012 पासून शाळा, डॉक्टर, वस्त्या सगळ्यांना कामाला लावलं. शाळेत ज्यूससुद्धा बंद, पाणी नाहीतर दूध. जादा वजनाची मुलं 21 टक्के होती, 2015 ला 18.5 झाली.

निवृत्त मास्तर : ते 'एक' म्हणजे मीच. अडीच टक्क्यांसाठी एवढा गाजावाजा! आणि तिथे सायकलला रस्ता आहे. 31 वर्षं पीटी शिकवली. पोर्शन मागे पडला की पहिला बळी माझा तास. गणिताच्या बाई दारात, "सर, आजचा द्या ना." एकाही पालकाने कधी तक्रार केली नाही. तेच आता पैसे भरून पोरांना झुंबाला घालतात. आळस नाही तर काय?

दोन मुलांची आई : झुंब्याचं नाव काढू नका. आमच्याकडे रविवारी सोसायटी कमिटीचं 'फिट बालक' शिबिर झालं. साखरेवर व्याख्यान, अर्धा तास उड्या, आणि निघताना प्रत्येकाच्या हातात आंब्याच्या ज्यूसचा खोका न् क्रीमरोल! धाकट्याने दोन आणले, एक म्हणे दादासाठी. दादाच्या शाळेत शुगर बोर्ड, म्हणजे साखरेच्या माहितीचा फलक, लागलाय, सीबीएसईने मे 2025 मध्ये सांगितलं ना, तो. रोजच्या कॅलरींत साखर 5 टक्के पुरे, 4 ते 10 वर्षांच्या मुलांच्या पोटात जाते 13, 11 ते 18 वर्षांच्यांच्या 15. त्याला तोंडपाठ आहे. क्रीमरोल खातानाच म्हणून दाखवला.

पार्किंगपीडित : सगळे भरकटलात. मूळ दुखणं पार्किंग. बिल्डरने फ्लॅटमागे एकच जागा दिली, मग मैदानावर पट्टे मारावेच लागले. शिवाय चेंडूने माझा आरसा फुटला त्याचे पैसे अजून मिळालेले नाहीत.

चिंचगुळ : गाड्या किती तुमच्या?

पार्किंगपीडित : वैयक्तिक होऊ नका. दुसरी बायकोच्या नावावर आहे.

दोन मुलांची आई : अहो, मी तुमच्याच बी-विंगमध्ये राहते! जांभळाखालची ती कव्हर घातलेली ना? दिवाळीपासून हललेली नाही. टायर बसलेत. तिथेच पोरं लगोरी मांडायची.

पार्किंगपीडित : कर्जाचे हप्ते मी भरतो, तुमची पोरं नाही.

निवृत्त मास्तर : धन्य! बरं, माझे शब्द अर्धे मागे घेतो. आळशी आईबाप नाहीत, जांभळाखालची गाडी आहे. उरलेले अर्धे क्रीमरोल वाटणाऱ्या कमिटीसाठी राखून ठेवतो. जागा मोकळी करा, लगोरी मी फुकट शिकवतो.

पार्किंगपीडित : रविवारी सात ते नऊ काढतो गाडी. बॅटरी उतरली असेल, ढकलायला चार जण लागतील. आणि आरशाचे पैसे आधी.