वाचनालयाच्या डेटाबेससाठी प्रत्येकाचे वेगळे लॉगिन: चुकीचा पासवर्डही कसा चालतो?

प्रश्न
लिहिणारे: ग्रंथसेवक, इंदूर

सप्रेम नमस्कार. इंदूरमधील एका जुन्या मराठी वाचनालयाच्या संगणकाचे काम मी सेवा म्हणून पाहतो. पुस्तकांची सूची, देवघेव आणि सभासदांची वर्गणी हे सर्व पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या एकाच डेटाबेसमध्ये आहे. गेल्या वर्षी आम्ही आवृत्ती १२ वरून १६ वर आलो, तेव्हा जुने लॉगिन आणि त्यांचे पासवर्ड जसेच्या तसे नव्या सर्व्हरवर आणले. सर्व्हर उबुंटूवर कार्यालयात आहे, आणि देवघेवीचा काउंटर, वर्गणीचा काउंटर व सूचीकाराची खोली येथील तीन संगणक त्याला जोडलेले आहेत. आजवर देवघेव आणि वर्गणी या दोन्ही काउंटरवर ‘पोस्टग्रेस’ या मुख्य लॉगिननेच काम चाले, आणि त्याचा पासवर्ड वर्गणीच्या मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेला असे.

मागच्या महिन्यात एक ज्येष्ठ सभासद ६०० रुपयांची पावती घेऊन आले. पावती आमचीच, सही आमचीच, पण संगणकात त्यांची वर्गणी थकीत दिसत होती. नोंद कोणी बदलली हे सांगण्याचा काहीच मार्ग नव्हता, आणि वर्गणीच्या काउंटरवर बसणाऱ्या ताईंकडे विनाकारण संशयाने पाहिले गेले. याचे मला फार वाईट वाटले, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन देण्याचे ठरवले.

मी दोन नवे लॉगिन तयार केले आणि ‘पीजी_एचबीए.कॉन्फ’ या, कोणाला कुठून व कसे आत घ्यायचे हे ठरवणाऱ्या फाईलच्या शेवटी कार्यालयातील नेटवर्कसाठी स्क्रॅम या पासवर्ड तपासण्याच्या पद्धतीची ओळ लिहून सर्व्हरला फाईल पुन्हा वाचायला लावली. तरीही काउंटरवरून मुद्दाम चुकीचा पासवर्ड दिला तरी आत जाता येते. उलट सर्व्हरवर बसून १२७.०.०.१ या सर्व्हरच्या स्वतःच्याच पत्त्याने जोडणी केली, तर नवे लॉगिन नीट चालतात, पण सूचीकाराचे जुने ‘सूची’ हे लॉगिन बरोबर पासवर्ड देऊनही नाकारले जाते. एकाच सर्व्हरवर या दोन उलट गोष्टी कशा घडतात, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर १
लिहिणारे: रामबागकर

नमस्कार. आपल्या दोन्ही अडचणींची कारणे वेगवेगळी आहेत.

पहिली अडचण ओळींच्या क्रमाची आहे. ही फाईल वरून खाली वाचली जाते, आणि जोडणीचा प्रकार, डेटाबेस, लॉगिन व पत्ता हे चारही ज्या पहिल्या ओळीशी जुळतात तीच ओळ लागू होते. त्या ओळीने नाकारले तर पुढची ओळ पाहिली जात नाही आणि तिने आत घेतले तरी पाहिली जात नाही. सर्व्हर प्रथम बसवताना कोणीतरी १९२.१६८.१.०/२४ किंवा तशाच, कार्यालयातील संगणकांच्या पत्त्यांच्या पट्ट्यासाठी ‘ट्रस्ट’ लिहून ठेवले असावे. ‘ट्रस्ट’ म्हणजे पासवर्ड विचारायचाच नाही, त्यामुळे आपण बरोबर दिला काय आणि चुकीचा दिला काय, सर्व्हर तो तपासतच नाही. शेवटी लिहिलेल्या आपल्या ओळीपर्यंत पाळीच येत नाही. ‘पीजी_एचबीए_फाईल_रूल्स’ हा पोस्टग्रेसमधला तयार व्ह्यू (तक्ता) उघडून पाहा. त्यात सर्व ओळी क्रमाने दिसतात आणि एखादी ओळ लिहिण्यात चूक असेल तर तीही तिथेच कळते.

दुसरी अडचण पासवर्ड साठवण्याच्या पद्धतीची आहे. आवृत्ती १४ पासून नवा पासवर्ड आपोआप स्क्रॅम-शा-२५६ पद्धतीने साठवला जातो. १२ मध्ये मात्र मुळात एमडी५ ही जुनी पद्धत होती. ‘सूची’चा पासवर्ड जुन्या सर्व्हरवरून जसाच्या तसा आला, म्हणजे तो अजून एमडी५च आहे, आणि त्यावरून स्क्रॅमची साठवण तयार करता येत नाही, कारण मूळ पासवर्ड सर्व्हरला माहीतच नसतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये या लॉगिनकडे वैध स्क्रॅम सीक्रेट नाही असा तपशील नक्की लिहिलेला सापडेल. काउंटरवर मात्र पासवर्ड चुकला एवढेच दिसते. उपाय एकच: पासवर्ड नव्याने द्यावा. तो ‘पीएसक्यूएल’ या पोस्टग्रेसला आज्ञा देण्याच्या प्रोग्राममधील ‘\पासवर्ड’ या आज्ञेने द्यावा, म्हणजे तो आपल्याच संगणकावर रूपांतरित होऊन जातो आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये उघडा पडत नाही.

एक विनंती. ‘ट्रस्ट’ची ओळ काढण्यापूर्वी सर्व्हरवर मुख्य लॉगिनची एक खिडकी उघडी ठेवा आणि ‘पीअर’ (म्हणजे सर्व्हरवरच्या उबुंटूच्या लॉगिनवरून ओळख पटवणे) असलेल्या स्थानिक ओळीला हात लावू नका. तेवढे असले की काही चुकले तरी आपण बाहेर अडकणार नाही.

उत्तर २
लिहिणारे: राजवाडा-परिसर

वरील उत्तर अचूक आहे. पण ताईंवर आलेला संशय पुन्हा कोणावर येऊ नये, हा आपला खरा हेतू आहे, आणि तो केवळ पासवर्ड विचारल्याने साधणार नाही. म्हणून अधिकारांबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

मुख्य लॉगिनला सर्व काही करता येते, म्हणून ते रोजच्या कामातून पूर्ण काढून घ्या. लॉगिन काउंटरच्या नावाने न काढता माणसाच्या नावाने काढा, कारण काउंटरवर सकाळी एक जण बसतो आणि संध्याकाळी दुसरा. मग लॉगिन नसलेले दोन रोल, म्हणजे अधिकारांचे गट, तयार करा, ‘देवघेव’ आणि ‘वर्गणी’. टेबलांवरचे अधिकार या रोलना द्या आणि माणसांना त्यांचे सदस्य करा. कोणी काम सोडले की सदस्यत्व काढले आणि लॉगिन बंद केले, एवढे पुरते. टेबलांना हात लावावा लागत नाही. वर्गणीच्या टेबलावर वाचणे, नवी नोंद करणे आणि गरज असल्यास बदलणे एवढेच द्या, खोडण्याचा अधिकार कोणालाही देऊ नका. नोंदींचा क्रमांक ‘सीरियल’ प्रकारचा, म्हणजे आपोआप वाढणारा, असेल तर तो क्रमांक पुरवणाऱ्या सीक्वेन्सचाही अधिकार द्यावा लागतो. हे हमखास राहून जाते, आणि टेबलाचे सर्व अधिकार असूनही पहिल्याच पावतीला परवानगी नाकारली जाते.

आता मूळ प्रश्न, नोंद कोणी बदलली. ‘नोंद करणारा’ असा स्तंभ ठेवून त्यात चालू लॉगिनचे नाव आपोआप यावे असे करता येते, पण लिहिणाऱ्याने स्वतः दुसरे नाव भरले तर तेच राहते. म्हणून वर्गणीच्या टेबलावर ट्रिगर (आपोआप चालणारी आज्ञा) लावा, जो प्रत्येक बदलाच्या वेळी जुनी रक्कम, नवी रक्कम, वेळ आणि ‘सेशन_यूझर’ (ज्या लॉगिनने आत आले त्याचे नाव) वेगळ्या टेबलात लिहील. त्या वेगळ्या टेबलावर काउंटरच्या रोलना थेट अधिकार नसावा. ट्रिगरचे फंक्शन मालकाच्या अधिकाराने चालेल असे घोषित करावे. अशा फंक्शनमध्ये ‘करंट_यूझर’ मालकाचेच नाव दाखवतो, म्हणून ‘सेशन_यूझर’च हवा.

ग्रंथसेवक यांचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. वरून चौथ्याच ओळीत ‘ट्रस्ट’ सापडले. ती ओळ काढली आणि चुकीचा पासवर्ड लगेच नाकारला गेला. ‘सूची’चा पासवर्ड नव्याने दिल्यावर सर्व्हरवरून ते लॉगिन चालू लागले, पण सूचीकाराच्या खोलीतील जुन्या प्रोग्रामवर ‘ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड’ असा संदेश येतो. तो प्रोग्राम लिहून देणारे आता इंदुरात नाहीत.

उत्तर ३
लिहिणारे: रामबागकर

त्या प्रोग्रामबरोबर आलेला ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा भाग, पोस्टग्रेस १० च्या आधीचा आहे, म्हणजे स्क्रॅम येण्यापूर्वीचा. बहुतेक वेळा प्रोग्रामला हात न लावता त्या संगणकावर नवा ओडीबीसी ड्रायव्हर बसवला की काम होते. आधी तेच करून पाहा. ते जमेपर्यंत फक्त ‘सूची’ लॉगिन आणि फक्त त्या एका संगणकाचा पत्ता यांच्यासाठी एमडी५ची ओळ लिहा, आणि ती सर्वसाधारण ओळीच्या वर ठेवा. त्या लॉगिनचा पासवर्डही, त्या एका सत्रापुरती साठवण एमडी५ करून, पुन्हा द्यावा लागेल. केवळ ओळीत एमडी५ लिहून उपयोग नाही, कारण साठवण स्क्रॅमची असेल तर सर्व्हर तरीही स्क्रॅमच मागतो. ही सोय कायमची समजू नका. आवृत्ती १८ मध्ये एमडी५ पासवर्ड मोडीत काढण्याची सूचना दिलेली आहे.

ग्रंथसेवक यांचे उत्तर

नवा ड्रायव्हर बसवला आणि सूचीचा प्रोग्राम स्क्रॅमनेच चालला, त्यामुळे एमडी५ची ओळ लिहावी लागली नाही. ट्रिगरही लावला. आज दुपारी ताईंनी स्वतःच्या नावाने आत जाऊन त्या ज्येष्ठ सभासदांची ६०० रुपयांची नोंद दुरुस्त केली, आणि बदलांच्या टेबलात त्यांचे नाव, जुनी रक्कम शून्य, नवी रक्कम ६०० आणि वेळ असे सर्व उमटले. मॉनिटरवरची चिठ्ठी त्यांनीच काढून टाकली.