मदत हवी आहे: ३० एप्रिलच्या कार्यक्रमाला पालक यावेत म्हणून काय करू?

न्यू जर्सीत एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या शाखेत बालविभाग सांभाळते. आसपास बरीच कुटुंबं मेक्सिको आणि ग्वाटेमालाहून आलेली. मेक्सिकोत ३० एप्रिल हा बालदिन. इथली ग्रंथालयं तो दिवस मुलं आणि पुस्तकं या दोन्हींचा म्हणून साजरा करतात. गेल्या वर्षी जेमतेम चार कुटुंबं आली.

स्पॅनिश पत्रकं चर्चमध्ये आणि किराणा दुकानात लावून झाली. गोष्टींचा तास दोन्ही भाषांत, शनिवारी सकाळी. (नंतर कळलं, शनिवारी बरेच जण कामावर असतात!) खरी अडचण सभासदत्वाचा अर्ज. 'पत्त्याचा पुरावा' ही ओळ वाचून एका आईने कागदाची चौपदरी घडी करून तो पर्समध्ये ठेवला, ती परत फिरकली नाही. वीजबिल घरमालकाच्या नावावर असतं. आता शाळेचं पत्र चालतं, पण ते सांगायचं कुणी? शिवाय ग्वाटेमालाच्या काही आयांची घरची भाषा माम आहे, स्पॅनिश नव्हे.

बजेट शून्य, माझं स्पॅनिश कामचलाऊ. 'रिफॉर्मा' ही १९७१ पासूनची लॅटिनो ग्रंथपालांची संघटना ठाऊक आहे, ती सोडून सुचवा.

परदेशातल्या ग्रंथालयात काम करणाऱ्यांपैकी कुणी कार्ड न मागता आधी घरी पुस्तकं न्यायला दिली आहेत का? किती परत आली, आणि वरिष्ठांना कसं पटवलंत?